बोरिवली आणि मुलुंड: जवळ की लांब?

नकाशावर बोरिवली आणि मुलुंड एकमेकांना खेटून आहेत. दोन स्थानकांमधलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम 12 किलोमीटर, मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा पट्टा. मुंबई न पाहिलेला माणूस म्हणेल, सकाळी बोरिवलीत चहा प्या, दुपारी मुलुंडला जेवा, अडचण काय? अडचण अशी की त्या हिरव्या पट्ट्यात बिबटे आहेत, आरपार जाणारा वाहता रस्ता नाही, आणि उपनगरातला माणूस सरळ रेषेत प्रवास करतच नाही.

जिओकॅशिंगच्या भेटी भरवायला लागल्यापासून हे मला दर वेळी कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. खेळ मुळात साधा आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली गफलत काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या माणसाने ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या झाडीत एक बादली अर्धवट पुरली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि लोक ती शोधायला निघाले. आता जगभर असे डबे लपवलेले आहेत. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवायचा.

दोन डब्यांत किती अंतर हवं ते ठरलेलं आहे: किमान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग. मीटर मोजा, विषय संपला. पण या खेळात माणसांच्या भेटीसुद्धा असतात. ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी खेळाडू जमतात, गप्पा मारतात. अशा भेटीला हजर राहिलं की तुमच्या खात्यावर एक सापडलेला डबा जमा होतो. गोम इथेच आहे. आकडा वाढवायची हौस कुणाला नसते? पाच मित्रांनी एकाच संध्याकाळी पाच कोपऱ्यांवर पाच भेटी लावल्या, तर तीच माणसं पाचही ठिकाणी उभी राहून पाच गुण मिळवतील.

आपल्याकडे संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला बायका नेमकं हेच करतात. एका संध्याकाळी एकाच सोसायटीतली पाच घरं, पाच वाणं, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट घरं जवळजवळ असली तर पाय वाचतात. जिओकॅशिंगला ही मजा मंजूर नाही. तिथे भेटींना 161 मीटरची अट लागत नाही, पण वेळेने आणि जागेने जवळ असलेल्या, त्याच माणसांसाठी असलेल्या दोन भेटी एकच धराव्यात असा दंडक आहे. भेटी भरवणारे दोन वेगळे लोक असले तरी सुटका नाही.

जवळ म्हणजे किती मीटर, हे मात्र कुठे दिलेलं नाही. ते ठरवतो रिव्ह्यूअर, म्हणजे प्रत्येक नोंद तपासून प्रसिद्ध करणारा स्वयंसेवक. भेटीच्या किमान दोन आठवडे आधी अर्ज त्याच्यापुढे जायला हवा. मला हा आकड्याविना नियम आवडतो. मीटर सांगितले असते तर लोकांनी एका मीटरने पलीकडे तंबू ठोकला असता. ‘तीच माणसं येणार का?’ हा प्रश्न चुकवता येत नाही. फक्त उत्तर देणाऱ्याला लोकलचं वेळापत्रक माहीत हवं.

एकदा मी अंधेरीत रविवारी सकाळची भेट ठरवली आणि त्याच दिवशी दुपारी घाटकोपरला दुसऱ्या एकाची होती. रिव्ह्यूअरने विचारलं, दोन्ही एकच नाहीत ना? जून 2014 च्या आधी मी बेलाशक नाही म्हटलं असतं. तेव्हा अंधेरी पश्चिम रेल्वेवरची, घाटकोपर मध्य रेल्वेवरचं, आणि मधल्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बस पुढे सरकेल याची खात्री नव्हती. मग 8 जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि 11.4 किलोमीटरचा तो सबंध मार्ग वीसएक मिनिटांवर आला. अंधेरीला भेटलेली माणसं घाटकोपरला येणारच होती. घाटकोपरच्या गृहस्थांनी थोडी कुरकुर केली, पण शेवटी एकच भेट राहिली.

बोरिवली सकाळी आणि मुलुंड संध्याकाळी, असा प्रस्ताव आला तेव्हा उलटं झालं. नकाशा पाहणाऱ्याला दोन्ही एकाच जंगलाच्या दोन कडा दिसल्या. मी मार्ग लिहून पाठवला: बोरिवलीहून लोकलने अंधेरी, जिने चढून मेट्रो, घाटकोपरला पुन्हा जिने, तिथून मुलुंडची धिमी गाडी, दीड तास धरा. त्यात रविवार. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला तर त्या दीड तासाचाही भरवसा नाही. बोरिवलीचा माणूस अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी एवढं करणार नाही, आणि मुलुंडचा तर बोरिवलीला लग्नालाच जातो. दोन्ही भेटी मंजूर झाल्या.

अर्धा तास हा नियमातलाच आकडा आहे. भेट त्याहून कमी वेळाची चालत नाही. बाकीच्या अटींमागेही तोच संशय आहे, की ही खरी भेट आहे की निमित्त? केवळ सगळ्यांनी मिळून डबे शोधायला जाण्यासाठी भेट लावता येत नाही. खेळाडू नसतानाही जे होणारच होतं, त्याला भेट म्हणता येत नाही. म्हणजे दहीहंडी बघायला जमलेले जिओकॅशर मोजले जात नाहीत. स्वच्छतेच्या भेटीला इथे वेगळा मान आहे, ती किमान तासभर चालावी लागते. त्यासाठी वर्सोव्याचा किनारा लगेच सुचतो. पण तिथे वकील अफरोज शाह यांनी 2015 मध्ये सुरू केलेली सफाई अशी नावारूपाला आली की पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. लोकांची चालू मोहीम आपल्या नावावर लावणं नियमात बसत नाही, आणि बरंही दिसत नाही. आपला वार वेगळा, आपल्या पिशव्या वेगळ्या.

जागा निवडण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. उपनगरात डबा लपवणं अवघड, म्हणून इथे भेटींना महत्त्व. डिसेंबर 2002 मध्ये घाटकोपर स्थानकाबाहेर बसमध्ये, मार्च 2003 मध्ये मुलुंडला लोकलमध्ये आणि 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा ज्या शहराने इतकी वर्षं फलाटावर ऐकली, तिथे कुंपणामागे डबा चाचपडणारा माणूस पोलिसांना काय वाटेल? भेटीला असली भीती नाही. तरी स्थानकाचा पूल नको, मॉलचा पहारेकरी हटकेल अशी पायरी नको, एखाद्या हॉटेलचं गिऱ्हाईक वाढवल्यासारखं नको.

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिलचा पायथा चांगला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, 200 फूट उंच काळा खांब, वर गावदेवीचं मंदिर, आणि चारी बाजूंनी इमारती. इतका उंच, तरी गल्लीत शिरेपर्यंत दिसत नाही! नवखा खेळाडू फोन हातात धरून गोल फिरतो. उंच इमारतींच्या मध्ये जीपीएस त्याला कधी या गल्लीत दाखवतं, कधी त्या. बागाही बऱ्या, पण सकाळच्या बागांवर आधीच मालकी असते. हास्य क्लबची सुरुवातच 1995 मध्ये अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत झाली. हात वर करून हसणाऱ्या आजी-आजोबांशेजारी आम्ही वही फिरवत बसलो की आमच्याकडे बघून ते आणखी हसतात.

भेटीत घडतं तरी काय? कुणी नाण्याएवढ्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा क्रमांक टिपून घेतो. तो बिल्ला हातोहात देशोदेशी फिरतो. कुणी राजमाचीला न सापडलेल्या डब्याची तक्रार सांगतो. कामानिमित्त मुंबईत आलेला एखादा परदेशी, रात्रीचं विमान असलेला, सगळ्यात आधी पोचलेला असतो. वही फिरते, सह्या होतात, आणि अर्ध्या तासाऐवजी दोन तास जातात.

जुलै 2024 मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरच्या बोगद्यांच्या कामाचं भूमिपूजन झालं. दोन्ही त्याच हिरव्या पट्ट्याखालून जाणार आहेत. ते सुरू झाले की बोरिवली आणि मुलुंडच्या भेटींना एकाच दिवशी मंजुरी मिळवून देणारी माझी ती चिठ्ठी बाद होईल, आणि रिव्ह्यूअरला मी काही समजावून सांगायच्या आत तो नाही म्हणेल.