सभेतील नवा टिपणकार

प्रस्तावना

कोणत्याही संस्थेचा कारभार बोलण्यातून ठरतो आणि लिहिण्यातून टिकतो. ग्रामसभा असो, पतपेढीच्या संचालकांची बैठक असो किंवा मोठ्या कारखान्यातील अधिकाऱ्यांची सभा असो, तेथे कोण काय बोलले आणि अखेर काय ठरले हे कोणीतरी लिहून ठेवावे लागते. या लेखनाला इतिवृत्त म्हणतात. आजवर हे काम सचिव, लिपिक किंवा लघुलेखक करीत आला. अलीकडे संगणकावरून भरणाऱ्या सभांमध्ये हेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा साहाय्यक करू लागला आहे. तो कसा काम करतो, कोठे चुकतो आणि त्याला सभेत बसवण्यापूर्वी काय पाहावे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• सभेतील यांत्रिक साहाय्यकाचे कार्य स्पष्ट करता येईल;
• त्याच्या नोंदीतील चुकांची कारणे सांगता येतील;
• असा साहाय्यक सुरू करण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी हे लिहिता येईल.

मूळ पाठ

१. यंत्र काय करते?

झूम, टीम्स, मीट यांसारख्या साधनांमुळे निरनिराळ्या गावी बसलेली माणसे एकाच सभेत भाग घेऊ शकतात. २०२३ पासून या साधनांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘कोपायलट’ हा कार्यालयीन साहाय्यक नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या संस्थांसाठी खुला झाला. ‘स्लॅक’सारख्या निरोपांच्या साधनातही पुढील वर्षी अशीच सोय आली. रजेवरून परतलेल्या कर्मचाऱ्याने शेकडो निरोप वाचण्याऐवजी त्यांचा सारांश मागावा आणि तो क्षणात मिळावा, हे आता शक्य झाले आहे.

साहाय्यकाचे काम दोन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर तो आवाजाचे शब्दांत रूपांतर करतो. त्यातून सभेची शब्दशः नोंद तयार होते. दुसऱ्या पायरीवर त्या नोंदीवरून सारांश, निर्णय आणि कोणी कोणते काम करावयाचे याची यादी तयार होते. या दोन्ही पायऱ्यांवर यंत्र माणसासारखे ‘समजून’ लिहीत नाही. पूर्वी पाहिलेल्या अफाट मजकुराच्या आधारे, या ठिकाणी कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा ते अंदाज बांधते. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर ठरतो. परंतु चुकला तरी त्याची भाषा तितकीच सफाईदार असते. चांगला लिपिक ऐकू आले नाही तर जागा कोरी सोडतो किंवा विचारतो. यंत्र पुष्कळदा ती जागा स्वतःच भरून काढते. आवाजाचे लेखन करणाऱ्या एका प्रसिद्ध प्रणालीची तपासणी करून अमेरिकेतील संशोधकांनी २०२४ मध्ये असे दाखवून दिले, की सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये नोंदीत आली होती. बोलणारा मध्येच बराच वेळ थांबला की अशी चूक अधिक संभवते.

२. न्यायालयातील अनुभव

बोललेल्या शब्दाला न्यायालयात जितके मोल असते तितके अन्यत्र क्वचितच असते. म्हणून तेथील अनुभव बोधप्रद आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या खटल्याची सुनावणी चालू असताना, युक्तिवादाची शब्दशः नोंद प्रथमच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करण्यात आली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी हा प्रयोग असल्याचे त्याच वेळी सांगितले. दोघेजण एकदम बोलू लागले की यंत्राची अडचण होते, हेही त्यांनी निदर्शनास आणले. झालेल्या चुका सुधारण्यासाठी माणसे नेमलेली होती, आणि नोंद प्रसिद्ध करण्यापूर्वी ती वकिलांकडे तपासणीसाठी जावी अशी योजना होती. येथे यंत्राला लिहू दिले, पण त्याच्या लेखनाला प्रमाण मानण्यापूर्वी ते माणसाच्या नजरेखालून घातले.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी याविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार निष्कर्ष काढणे, आदेश देणे किंवा निकाल लिहिणे यांसाठी अशा साधनांचा वापर करता येत नाही; आणि जेथे वापर होईल तेथे त्याची नोंद ठेवावी लागते.

मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूर येथे आहे. १९३६ साली नागपूर येथे स्थापन झालेले हे न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनंतर जबलपूरला आले. या न्यायालयाने २०२१ मध्ये कामकाजाच्या थेट प्रक्षेपणासाठी नियम केले. न्यायदान जनतेला पाहता यावे हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु काही लोकांनी त्या चित्रणाचे तुकडे कापून, त्यांना चटकदार मथळे देऊन ते समाजमाध्यमांवर पसरवले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये असे तुकडे संपादित करून प्रसारित करण्यास न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे मनाई केली. एका हेतूने केलेली नोंद दुसऱ्याच हेतूसाठी वापरली जाऊ शकते, हा या घटनेचा धडा आहे. कार्यालयातील सभेलाही तो लागू पडतो.

३. ‘काल’ की ‘उद्या’?

जबलपूरसारख्या शहरात आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो भाषेचा. येथे अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कार्यालयाच्या कागदावर हिंदी वा इंग्रजी, असा त्यांचा नित्याचा व्यवहार असतो. एकाच वाक्यात तिन्ही भाषांचे शब्द येतात आणि ऐकणाऱ्या माणसाला त्यात काहीच अवघड वाटत नाही. यंत्राची मात्र तेथे परीक्षा होते.

समजा, वीजवाहिनीच्या दुरुस्तीसंबंधी एक सभा चालू आहे. अधिकारी हिंदीतून विचारतो, “लाइन कब बंद?” समोरून एकाच शब्दात उत्तर येते, “कल.” हिंदीत ‘कल’ या शब्दाचा अर्थ काल असाही होतो आणि उद्या असाही होतो. सभेत बसलेल्या प्रत्येकाला संदर्भ ठाऊक असल्याने वाहिनी उद्या बंद होणार हे कळते. परंतु साहाय्यकाने सारांशात ‘वाहिनी काल बंद करण्यात आली’ असे लिहिले तर? सभेला हजर नसलेल्या एखाद्या तारतंत्र्याने त्या एका ओळीवर विसंबून खांबावर चढावे, तर तो चालू वाहिनीला हात लावील. शब्द एकच चुकला, पण त्याची किंमत एका जिवाची ठरू शकते.

हिंदी आणि मराठी या भाषांमध्ये असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘यातायात’ म्हणजे हिंदीत वाहतूक, मराठीत दगदग. ‘कर्मचाऱ्यांच्या शिक्षेची व्यवस्था करावी’ असे वाक्य इतिवृत्तात आले, तर वाचणारा गोंधळून जाईल. दोन्ही भाषा जाणणारा लिपिक अशा जागी सहज सावध होतो. म्हणून ज्या सभेत भाषांची सरमिसळ होते, तेथे यंत्राची नोंद तपासणारा माणूसही त्या भाषा जाणणाराच हवा.

४. कळ कोणाच्या हाती?

 संस्थेच्या संगणकव्यवस्थेचा जो प्रशासक असतो, त्याला सामान्यतः हा साहाय्यक सुरू किंवा बंद ठेवता येतो. काही साधनांत, साहाय्यक केवळ सभा चालू असेपर्यंत मदत करील की शब्दशः नोंद मागे ठेवील, हेही आधी ठरवता येते. हा वरवर तांत्रिक वाटणारा निर्णय वस्तुतः विश्वासाचा निर्णय असतो. आपला प्रत्येक शब्द कायमचा लिहिला जात आहे, हे ठाऊक असलेला माणूस निराळे बोलतो. कनिष्ठ कामगार तक्रार मांडताना कचरतो. नोंद होत आहे हे त्याला ठाऊकच नसेल, तर त्याच्यावर अन्यायच होतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘झूम’च्या सेवाशर्तींविषयी मोठा गदारोळ झाला होता. ग्राहकांच्या संभाषणांचा उपयोग यंत्राला शिकवण्यासाठी करता येईल, असा त्या शर्तींचा अर्थ अनेकांनी लावला. टीका होताच कंपनीला शर्ती बदलून खुलासा करावा लागला. भारतात अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढून, गोपनीय माहिती बाहेर जाण्याचा धोका असल्याने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले. जबलपूरमध्ये १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना आहे; खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा शहरात कोणते बोलणे बाहेरच्या संगणकापर्यंत जाऊ द्यावे आणि कोणते नाही, हा प्रश्न किती मोलाचा आहे हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. असे साहाय्यक सामान्यतः विचारणाऱ्याला जे कागद पाहण्याचा अधिकार आहे, त्यांतूनच उत्तर शोधतात. नियम चांगला आहे. पण कोणीतरी निष्काळजीपणे वेतनाची यादी सर्वांसाठी खुली ठेवली असेल, तर आजवर कोणाच्या नजरेस न पडलेला तो कागदही यंत्र क्षणात पुढे ठेवील. म्हणून साहाय्यक आणण्यापूर्वी दप्तर आवरणे हे पहिले काम होय.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ साली कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली असावी, हे या कायद्याचे तत्त्व आहे. तथापि नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा त्यात ठेवली आहे. म्हणून केवळ कायद्यावर भिस्त न ठेवता प्रत्येक कार्यालयाने आपले नियम करावेत. सभेच्या आरंभी साहाय्यक चालू असल्याचे सांगावे. कोणी हरकत घेतल्यास तो बंद करावा. शिस्तभंग, आजार किंवा तक्रार यांविषयीच्या सभांतून त्याला दूर ठेवावे. आणि नोंद किती दिवसांनी पुसली जाईल हे आधीच जाहीर करावे.

५. सही माणसाची

यंत्रामुळे लिपिकाचे काम संपले काय? तसे नाही, त्याचे स्वरूप बदलले. पूर्वी त्याचा वेळ लिहिण्यात जाई. आता तो पडताळण्यात जाईल. तारखा, आकडे, नावे आणि ‘नाही’ हा लहानसा शब्द, या चार ठिकाणी त्याने विशेष लक्ष द्यावे. ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांत केवळ एका अक्षराचे अंतर आहे. पुढील सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याची जी जुनी रीत आहे, तीही यासाठीच राखली पाहिजे. त्या वेळी सर्वात मागे बसलेल्या सभासदालाही ‘मी असे बोललो नव्हतो’ असे म्हणता येते. यंत्र जलद लिहिते, न थकता लिहिते. परंतु लिहिलेल्याचा जाब त्याला विचारता येत नाही. तो ज्याला विचारता येतो, त्याचीच सही इतिवृत्ताखाली असावी.

शब्दार्थ

इतिवृत्त – सभेतील कामकाजाची लेखी नोंद
लघुलेखक – खुणांच्या लिपीत जलद लिहून घेणारा
अंतरिम – अंतिम निर्णय होईपर्यंतचा
तारतंत्री – विजेच्या तारांचे काम करणारा कामगार
भिस्त – भरवसा
जाब – उत्तर, खुलासा

पाठान्त प्रश्न

१. सभेतील साहाय्यकाच्या कामाच्या दोन पायऱ्या कोणत्या?
२. सर्वोच्च न्यायालयाने यंत्राची नोंद वापरताना कोणती काळजी घेतली?
३. ‘कल’ या शब्दामुळे अनर्थ कसा ओढवू शकतो, ते उदाहरणाने स्पष्ट करा.
४. ‘साहाय्यक सुरू करणे हा विश्वासाचा निर्णय आहे’ या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या गावातील बचत गटाच्या किंवा मंडळाच्या एका सभेला उपस्थित राहा आणि तिचे इतिवृत्त तयार करा. ते दोन सभासदांना वाचून दाखवा व त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या नोंदवा.