बदनामीचा बाजार

कंड्या पिकविणारे लोक सर्वच देशांत असतात. परंतु कंड्यांना छापखान्याची जोड मिळाली आणि त्यांतून पैसा सुटूं लागला, म्हणजे काय अनर्थ होतो, हें पाहावयाचें असेल तर अठराव्या शतकांतील फ्रान्सच्या इतिहासाकडे वळावें.

त्या काळीं फ्रान्समध्यें सरकारी परवानगीवांचून ग्रंथ छापण्यास मनाई होती. म्हणून कांहीं फ्रेंच लेखकांनीं लंडनमध्यें बिऱ्हाड केलें आणि तेथून ते व्हर्सायच्या राजवाड्यांतील खऱ्याखोट्या भानगडींचीं चोपडीं लिहूं लागले. मोरांद नांवाच्या लेखकानें पंधराव्या लुईची प्रेमपात्र मादाम द्यु बारी हिचें असेंच चरित्र छापून ठेविलें आणि तें प्रसिद्ध न करण्याची किंमत मागितली. १७७४ सालीं बोमार्शे या नाटककारास बोलणीं करण्यासाठीं लंडनला धाडण्यांत आलें. मोरांदला रोख ३२,००० लिव्र व शिवाय सालिना नेमणूक मिळाली. प्रती जाळून टाकण्यांत आल्या. कागद जळाले; परंतु दरबार अब्रूसाठीं पैसे मोजतो ही गोष्ट सर्वांस कळून चुकली आणि बदनामी हा किफायतीचा धंदा होऊन बसला.

या धंद्याचें पुढचें भक्ष्य म्हणजे सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील ही मुलगी १७७० मध्यें, अवघी चौदा वर्षांची असतां, फ्रान्सच्या सासरीं आली. पहिलें अपत्य व्हावयास १७७८ चा डिसेंबर उजाडला. मूल नाहीं म्हणून कुजबूज, आणि झाल्यावर तें कोणाचें म्हणून कुजबूज! परक्या घरून आलेल्या सुनेला दोन्ही बोल ऐकावे लागले.

पुढें १७८५ मध्यें हिऱ्यांच्या हाराचें प्रकरण उघडकीस आलें. जान द ला मोत नांवाच्या बाईनें राणीच्या नांवाचीं खोटीं पत्रें पुढें करून कार्डिनल रोहां या बड्या धर्माधिकाऱ्याकरवीं सोळा लाख लिव्रांचा हार उधारीवर मिळविला. तो मोडून हिरे विकण्यांत आले. राणीला याची गंधवार्ताहि नव्हती. तथापि ३१ मे १७८६ रोजीं पॅरिसच्या न्यायसभेनें रोहांस निर्दोष सोडलें, तेव्हां पुष्कळांनीं त्याचा अर्थ राणी दोषी असाच केला. जान हिला डागण्या देऊन तुरुंगांत टाकलें होतें; ती १७८७ मध्यें निसटून लंडनला गेली आणि तिनेंहि राणीविरुद्ध लेखणी उचलली.

मात्र या चोपड्यांनींच राज्यक्रांति घडविली असें म्हणणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. राज्य बुडालें तें कर्जांत, आणि लोक खवळले ते महागलेल्या पावामुळें. १७८८ च्या हिशेबांत दरबाराचा खर्च शेंकडा ६ च्या आसपास होता; सुमारें निम्मा पैसा कर्जापायींच जात होता. शिवाय राणीवरील कित्येक चोपडीं सरकारनें बास्तीयच्या किल्ल्यांत कोंडून ठेविलीं होतीं. १४ जुलै १७८९ रोजीं तो किल्ला पडला, छपाईवरील बंधनें सुटलीं, आणि मग खरा पूर लोटला. कर्जाचे आंकडे सामान्य माणसाला काय समजणार? त्याच्या संतापाला एक चेहरा हवा होता. चोपड्यांनीं तो राणीचा दिला.

त्या पुराचें पाणी कोठवर चढलें, हें ऑक्टोबर १७९३ मध्यें दिसलें. राणीनें आपल्या आठ वर्षांच्या मुलाशीं दुराचार केला, असा आरोप एबेर या पत्रकारानें भर न्यायालयांत केला. त्या अजाण पोराची जबाबावर सहीहि घेण्यांत आली होती. राणी प्रथम बोललीच नाहीं. पुन्हा विचारतां तिनें तेथें जमलेल्या सर्व मातांनाच साद घातली. १६ ऑक्टोबरला तिचा शिरच्छेद झाला.

ती उधळी होती. क्रांतीच्या शत्रूंशीं तिनें संधान बांधलें होतें. हें सर्व खरें. परंतु ते खरे अपराध तोलून पाहण्याची गरजच फारशी कोणास भासली नाहीं, इतके खोटे अपराध आधींच लोकांच्या वाचून पाठ झाले होते.