पार्ट बंद झाला, मिक्सर नाही

आपल्या घरोघरच्या मिक्सरचा जन्मच मुळी दुरुस्ती न होण्यातून झाला. मुंबईच्या माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. आपल्याकडचं वाटण त्याला झेपेना, मोटर जळाली आणि दुरुस्तीची सोय भारतात नव्हती. पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी जास्त ताकदीची मोटर घालून नवं यंत्रच उभं केलं. १९६३ मध्ये कंपनी काढली आणि सुमीत मिक्सर आला.

नाचणगावात लग्नात मिळालेला मिक्सर अजूनही कित्येक ओट्यांवर दिसतो. वड्यांची उडीद डाळ, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, सगळं त्यावरच. दिवाळीच्या तोंडावर तो बसला की लगतच्या पुलगावच्या बाजारात न्यायचा, आणि तिथे ऐकायचं, "हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही." एवढ्यावर मिक्सर भंगारात घालू नका. आधी विचारा, नेमका कोणता पार्ट?

कार्बन झिजले असतील, तर कंपनीचं नाव गौण आहे. थोडे मोठे कार्बन पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतात. ते खाचेत सैलसर सरकले पाहिजेत. अडकले तर ठिणग्या उडून कॉम्युटेटर खराब होतो. कपलर तर तुटण्यासाठीच असतो. भांडं अडकलं की रबराचे दात जातात आणि मोटर वाचते. दुसऱ्या कंपनीचा कपलर चालतो, फक्त दात, उंची आणि आटे जुळायला हवेत. भांड्याचा बुश लेथवर करून मिळतो. वायसर मात्र खाण्याच्या वस्तूंसाठी चालणाऱ्या रबराचाच घ्या, सायकलच्या ट्यूबचा तुकडा नको. आर्मेचर जळलं तरी रिवायंडिंग होतं. कारागिराने जुन्या तारेचा गेज आणि वेढे मोजून घेतले पाहिजेत. खरी अडचण प्लॅस्टिकच्या बॉडीची. तिचा साचा कंपनीकडेच असतो, म्हणून तिथे दुसरा बंद मिक्सरच कामी येतो.

गांधीजींचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वर्धा जिल्ह्याला दुरुस्तीचा हा विचार नवा नाही. १९२९ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. किंमत १५० रुपयांच्या आत, यंत्र वीस वर्षं चालावं आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण दुरुस्तीचा खर्च यंत्र बनवण्याआधीच ठरवायचा, ही दृष्टी मला आजही फार मोलाची वाटते. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना या अटी जरूर आठवाव्यात.

युरोपात २०२१ पासून फ्रिजचे महत्त्वाचे भाग किमान सात वर्षं आणि वॉशिंग मशीनचे दहा वर्षं मिळतील, असं बंधन कंपन्यांवर आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. पार्ट ठेवण्याची मुदत मिक्सरलाही बंधनकारक व्हायला हवी.

तोवर आपण करण्यासारखं बरंच आहे. मिक्सर उघडण्याआधी प्लग काढा. तुटलेला तुकडा फेकू नका, तोच नमुना म्हणून दुकानात न्या. नातेवाइकांकडे त्याच मॉडेलचा बंद मिक्सर पडला असेल, तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही तो मागून घ्या.