कात्रणवहीतला पर्च

माझ्या कात्रणवहीत जून २०१६ चं एक कात्रण आहे. बातमी स्वीडनची. पर्च माशाची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं समोरचं जिवंत खाद्य सोडून प्लास्टिकचे कण गिळतात, मुलं जंक फूडवर तुटून पडतात तशी. पुढची दोन वर्षं नववीच्या प्रत्येक तुकडीला मी हे सांगत होतो. एरवी खिडकीबाहेर पाहणारी मुलंही तेवढा वेळ फळ्याकडे बघायची. २०१८ च्या पावसाळ्यात मूळ शोधनिबंध वाचावा म्हणून उघडला, तर वरच नोंद होती : मागे घेतला. त्या दिवसापासून मी या प्रकरणाचा माग काढतो आहे.

असे बारीक कण म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक; ते नद्यांत कुठून येतं, हे वाचकांना सांगायला नको. समुद्रातल्या सूक्ष्म प्लास्टिकवरच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या निबंधानंतर बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे होतं. गोड्या पाण्यातल्या माशांची चौकशी उशिरा सुरू झाली आणि ‘सायन्स’ या नियतकालिकातला हा निबंध त्या चौकशीतला सर्वांत गाजलेला ठरला. पर्च मूळचा गोड्या पाण्याचा, पण बाल्टिकच्या मचूळ पाण्यातही राहणारा. उपसाला विद्यापीठाच्या ऊना लोनस्टेट आणि पीटर एक्लव्ह यांनी गोटलंड बेटावरच्या आर संशोधन केंद्रात २०१५ मध्ये प्रयोग केल्याचं लिहिलं होतं. घनमीटर पाण्यात पॉलिस्टायरीनचे ८०,००० कण सोडले तर ९६ टक्क्यांऐवजी ८१ टक्केच अंडी उबतात. पिल्लं मंदावतात, शत्रूचा वास ओळखत नाहीत. पाइक हा शिकारी मासा सोडला की चोवीस तासांत सगळी फस्त. निबंधात हे सगळं इतकं चोख बसलं होतं की मला त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही.

शंका घेतली उपसालाच्याच संशोधक जोसेफिन सुंडिन यांनी. प्रयोगाच्या वेळी त्या स्वतःच्या कामासाठी आर केंद्रातच होत्या. छापून आलेला प्रयोग तीन आठवड्यांचा होता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं काम त्याहून फार लहान होतं, आणि मांडलेली भांडीही निबंधात म्हटली होती तेवढी नव्हती. फ्रेडरिक युटफेल्ट आणि इतर पाच संशोधकांसह त्यांनी जून २०१६ मध्येच विद्यापीठाला लेखी कळवलं. मोजमापांच्या मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा उत्तर आलं की लोनस्टेट यांचा लॅपटॉप गाडीतून चोरीला गेला आणि दुसरी प्रत ठेवलेली नाही. विद्यापीठाच्या प्राथमिक चौकशीने ऑगस्टमध्ये तक्रार निराधार ठरवली.

सुंडिन यांनी इथेच थांबायला हवं होतं, असं व्यवहार जाणणारा कुणीही म्हणेल. तक्रार त्यांच्या स्वतःच्याच विद्यापीठातल्या सहकाऱ्यांविरुद्ध होती. शिवाय विषय असा की आक्षेप घेणारा प्लास्टिकवाल्यांचा हस्तक ठरावा. त्या थांबल्या नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये स्वीडनच्या मध्यवर्ती नीतिमंडळाच्या तज्ज्ञगटाने निष्कर्ष काढला की हा वैज्ञानिक अप्रामाणिकपणा आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी लागणारी रीतसर परवानगीही नव्हती. एवढ्या उणिवा असताना ‘सायन्स’ने निबंध स्वीकारलाच कसा, याचंही गटाला नवल वाटलं. मे महिन्यात निबंध मागे घेतला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाने दोघांनाही गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं. आकडे बनवल्याचा ठपका लोनस्टेट यांच्यावर आला.

माझ्या मते या खोट्या निबंधाने प्लास्टिक उद्योगाला जेवढा हात दिला, तेवढा कुठल्याही जाहिरातीने दिला नसेल. ‘हे सगळंच बनावट’ म्हणायला एक दाखला मिळाला. खरं तर नेकीने केलेलं काम समोर होतंच. अमेरिकेत चेल्सी रोकमन यांनी सॅन डिएगोच्या खाडीत मुरवलेलं पॉलिथिलीन जपानी मेडाका माशांना दोन महिने खाऊ घातलं आणि त्यांच्या यकृतावरचा ताण २०१३ मध्ये नोंदवला. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण शेवाळातून पाणपिसवांत आणि त्यांच्यातून क्रुशियन कार्प माशांत पोचवले, तेव्हा माशांची खाण्याची रीत आणि मेंदू दोन्ही बदललेले दिसले. अशा पुष्कळ प्रयोगांत कण नदीत असतात त्याहून कितीतरी जास्त वापरतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो मुलांनाही सांगायला हवा.

पण एका ठिकाणी पुरावा इतका पक्का आहे की मी तो दहादा वाचला. सिअ‍ॅटलच्या परिसरात १९९० च्या दशकात लोकांनी ओढे साफ केले, कोहो सामन अंडी घालायला परत येऊ लागले. आणि पाऊस पडला की मरू लागले. पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत, तोल जाऊन काही तासांत मृत. माद्यांची पोटं फाडली तर अंडी आत तशीच. काही ओढ्यांत परतलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के मासे असे गेले. जस्त, तांबं, कीटकनाशकं, एकेक संशयित तपासून सुटला. शेवटी झेन्यू तियान, एडवर्ड कोलोजी, जेनिफर मॅकिंटायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायरचा कीस पाण्यात भिजवला, त्या पाण्यातली हजारो रसायनं टप्प्याटप्प्याने वेगळी केली आणि डिसेंबर २०२० मध्ये मारेकऱ्याचं नाव जाहीर केलं : ६-पीपीडी-क्विनोन. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून जगभरच्या टायरांत ६-पीपीडी घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया झाली की हे विष तयार होतं. झिजलेल्या टायरची धूळ हे सूक्ष्म प्लास्टिकच. त्याच पाण्यात चम सामन जगतो, कोहो मरतो.

हे कोडं सुटायला वीसहून जास्त वर्षं लागली. या कामाला कुठल्याही मुलाच्या तोंडी बसेल असं चटकदार वाक्य मिळालं नाही. पण विषाचं नाव कळण्याआधीच याच संशोधकांच्या वर्तुळात एक साधा उपाय सापडला होता : रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू दिलं, तेव्हा त्यात सोडलेले कोहो वाचले.

आपल्याकडे भिगवणला पुणे-सोलापूर महामार्ग उजनी धरणाच्या फुगवट्याजवळून जातो. पहिल्या वळवाला रस्ता धुऊन निघतो आणि ते काळं पाणी उताराने धरणाकडे जातं. चिलापीची जाळी तिथेच लागतात. रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये वाळू-कंपोस्टचा एक चर खणायला फार मोठा निधी लागत नाही. महामार्ग सांभाळणाऱ्यांनी तो खणावा.

आणि शिक्षकांना एक विनंती. तुमच्या टिपणांत, भाषणांत, निबंधमालेत पर्चची पिल्लं अजून प्लास्टिक खात असतील, तर ते पान आजच काढून टाका आणि मुलांना कोहोची गोष्ट सांगा.