ओळख पानाची, झाडाची नव्हे

नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात जिभेसारख्या लांबट पानांचे ठसे सापडतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर भागातून जमवलेल्या अशा जीवाश्मांचं वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली प्रसिद्ध केलं. हे ग्लॉसॉप्टेरिस, वय पंचवीस कोटी वर्षांहून जास्त. पण ते ओळखायचं कसं? आकारावरून नव्हे, लांबट पानं काय, आंब्यालाही असतात. दगडावर उजेड तिरका पाडून भिंग लावलं की मधली ठसठशीत शीर दिसते. तिच्यातून निघालेल्या बारीक शिरा कडेकडे वळताना एकमेकींना पुन्हा पुन्हा मिळतात आणि जाळी विणली जाते. मधली शीरच नसेल, तिच्या जागी जवळजवळ समांतर शिरा असतील, तर ते गँगॅमॉप्टेरिस. जाळी पिंपळाच्या पानालाही असते, हे खरं. पण वहीत ठेवून जाळीदार झालेलं पिंपळपान पाहा: जाड शिरेतून बारीक, बारकीतून आणखी बारीक. ग्लॉसॉप्टेरिसच्या जाळीत अशी उतरंड नाही, तिचे धागे साधारण सारख्याच जाडीचे.

एवढी खात्री असेल, तर अदोल्फ ब्राँनियार यांनी १८२८ मध्ये हे नाव देताना त्याला नेचा कसं समजलं? नावातलं ‘प्टेरिस’ म्हणजे नेचाच. दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांना पानांना चिकटलेले प्रजननाचे अवयव मिळाले, त्यांचं वर्णन छापून यायला १९५२ उजाडलं. झाड बी धरणारं निघालं, म्हणजे नेचा नव्हे. तरीही पान ओळखण्यात चूक झाली नव्हती, चुकला तो झाडाबद्दलचा तर्क. या दोन दाव्यांची गल्लत केली की सगळंच संशयास्पद वाटू लागतं. जातींच्या नावांबाबत मात्र संशय रास्त आहे: एकाच झाडाची पानं लहानमोठी असतात, आणि नुसत्या पानांवरून पाडलेली शेकडो नावं मला तरी फार वाटतात. पण जातीचं नाव नसलं तरी पान पुष्कळ सांगतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधक स्कॉट यांच्या तुकडीने मरेपर्यंत ओढलेल्या सुमारे सोळा किलो दगडांत हेच पान निघालं. हे एकच पान सगळीकडे सापडतं म्हणून भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका कधीकाळी जोडलेले होते, या निष्कर्षाला जातीचं नाव लागत नाही; शिरांची जाळी पुरते.

म्हणून दगड फुटून पान दिसलं, तर दोन्ही फाका जपा आणि जागा लिहून ठेवा. एका फाकेवर न उमटलेलं कधी कधी दुसरीवर असतं.