'बिंज' केलं म्हणजे नेमकं काय केलं?

"काल अख्खा सीझन बिंज केला!" कट्ट्यावर हे कॉलर ताठ करूनच सांगितलं जातं. शब्द मूळचा मात्र इंग्लंडच्या लिंकनशायरकडच्या बोलीतला. तिथे 'बिंज' म्हणजे लाकडी भांडं पाण्यात भिजत घालणं. लाकूड फुगतं, फटी बुजतात. एकोणिसाव्या शतकात तो दारूत 'भिजणाऱ्यांना' चिकटला, पुढे खादाडीलाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे १३ भाग एकदम सोडले आणि २०१५ मध्ये 'बिंज-वॉच' हा कॉलिन्स डिक्शनरीचा वर्ड ऑफ द इयर ठरला.

पण त्याच २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५'ने 'बिंज इटिंग डिसऑर्डर'ला स्वतंत्र आजार मानलं. पोट भरलं तरी खात राहणं, ताबा सुटणं, नंतर स्वतःचीच लाज वाटणं. मराठीत आपण ताव मारतो, फडशा पाडतो (भारी शब्द आहेत!), पण त्यात मजाच जास्त. 'अधाशी' म्हणावं, तर ती थेट शिवी. थांबताच न येण्याला आपल्याकडे साधा शब्द नाही, म्हणून तिथेही 'बिंज'च वापरतो. त्यामुळे मैत्रीण "रोज रात्री बिंज होतं गं" म्हणाली, तर "कुठली सिरीज?" विचारण्याआधी जरा थांबायला हवं.