जुन्या मोटारीच्या दाराचा खटका

मोटारीचे दार हळू लोटले तर दोन आवाज ऐकू येतात. आधी बारीक ‘टक्’, मग दमदार ‘खट्ट’. नुसते ‘टक्’ झाले, की आतला कोणीतरी म्हणतोच, “दार नीट लागलं नाही, पुन्हा लावा.” हे दोन आवाज कशाचे, ते जुन्या गाडीचा खटका उघडून पाहिल्यावर चांगले समजते.

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली छोटी स्पोर्ट्स मोटार. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांतील पुष्कळ अमेरिकेत गेल्या. सुरुवातीला तिच्या दाराला ओढायची मूठ होती. १९६५ मध्ये तिच्या जागी अंगठ्याने दाबायचे बटण आले. या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करण्याचा छंद अनेकांना आहे. रंगावर आणि कातडी आसनांवर ही मंडळी हात सैल सोडून खर्च करतात; खटका मात्र तेलाचे चार थेंब टाकून तसाच बसवला जातो. मला हे उफराटे वाटते.

मोटारींत सर्रास आढळणाऱ्या खटक्याचे मर्म असे. दाराच्या कडेशी खाच असलेली एक फिरती चकती असते. दार लागताना चौकटीवरचा पोलादी खुंटा खाचेत शिरतो आणि चकतीला फिरवतो. चकतीला दोन दात असतात. एक लहान तरफ (तिला आपण अडणी म्हणू) स्प्रिंगच्या जोराने आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या दातामागे पडते. हेच ते दोन आवाज! पहिला दात राखीव. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे पूर्ण लागलेल्या खटक्याने दार बाहेर ढकलणारे ८,९०० न्यूटन बल सोसले पाहिजे. नुसत्या पहिल्या दातावर असताना ४,४५० न्यूटन.

आता शंका अशी, की बोटानेही मागे सरकणारी अडणी एवढे बल थोपवते कशी? उत्तर तुमच्या तरफेच्या धड्यातच आहे. दात अडणीला ज्या रेषेत ढकलतो, ती रेषा अडणीच्या टेकूतून जाते. लंबांतर शून्य, म्हणून बलाचे आघूर्णही शून्य. बल कितीही असो, ते अडणीला फिरवूच शकत नाही. स्प्रिंगचे काम फक्त तिला जागेवर ठेवण्याचे.

पण पन्नास-साठ वर्षांत दाताचा कोपरा झिजून गोल होतो आणि ती रेषा सरकते. समजा, दातावर १,००० न्यूटन बल आहे आणि रेषा टेकूपासून फक्त १ मिलिमीटर हटली. आघूर्ण झाले १ न्यूटन-मीटर. स्प्रिंगचा जोर १० न्यूटन आणि तिचे टेकूपासूनचे अंतर २ सेंटिमीटर धरले, तर तिचे आघूर्ण ०.२ न्यूटन-मीटर, म्हणजे पाचपट कमी! अडणी निसटणार. अशा खटक्याला तेलाने काही होत नाही; भाग बदलावाच लागतो.

गंज ही वेगळी गोष्ट. ज्या लोखंडापासून तो होतो त्यापेक्षा तो जास्त जागा व्यापतो, त्यामुळे बारीक फटी भरून भाग जाम होतात. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजका भाग विजेच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडली, की गंज सैल होऊन निघतो. हे काम उघड्यावरच करतात, कारण हायड्रोजन निघतो. स्प्रिंगा मात्र या द्रावणात टाकत नाहीत. हायड्रोजन कडक पोलादात शिरला, तर ते ठिसूळ होते आणि धुऊन चकचकीत केलेली स्प्रिंग पुढे अचानक तुटू शकते.

बटणामागच्या स्प्रिंगचा प्रश्न याहून मजेदार आहे. गाडीला डावीकडून धडक बसली, तर कोणते दार उघडण्याची भीती जास्त? उजवे! धक्क्याने गाडी उजवीकडे ढकलली जाते, पण उजव्या दाराचे बटण जडत्वामुळे मागे राहू पाहते, म्हणजे दाराच्या मानाने आत दाबले जाते. वरच्या नियमात गुरुत्वप्रवेगाच्या ३० पट प्रवेग धरलेला आहे. बटण आणि त्याची दांडी मिळून ६० ग्रॅम असतील, तर ०.०६ × ३० × ९.८, म्हणजे सुमारे १७.६ न्यूटन. स्प्रिंगने याहून जास्त बलाने बटण थोपवायला हवे. अंगठ्याला हे बल सुमारे १.८ किलोग्रॅम वजनाइतके लागते. बटण ‘लोण्यासारखे’ चालावे म्हणून मऊ स्प्रिंग घालणारा कारागीर गिऱ्हाइकाला खूश करतो आणि दार धोक्यात घालतो.

किल्लीच्या कुलपाबद्दल थोडेच सांगतो. त्यात पितळी पत्र्या असतात, प्रत्येकीमागे इवलीशी स्प्रिंग. योग्य किल्ली घातली, की सगळ्या पत्र्या एका पातळीत येतात आणि कुलपाचा गाभा फिरतो. येथे तेलापेक्षा ग्रॅफाइटची पूड बरी. तेलावर धूळ चिकटून पत्र्या अडतात.

सर्व बसवून झाले, की लगेच दार लावायचे नाही. दार उघडेच ठेवून पेचकसाने चकती फिरवायची, दोन्ही आवाज मोजायचे आणि बटण दाबून चकती सुटते का, ते पाहायचे. ती सुटत नसताना दार लावले, तर दुरुस्त करायचा खटका बंद दाराच्या आत राहतो.